वर्णावरून चिडवल्याचा मुलांच्या मनावर खरोखरच इतका परिणाम होतो का?

होतो, आणि चिडवणारी मुले सारे विसरून गेल्यानंतरही तो टिकून राहतो. माझ्या भाचीला सातवीत काही मुले ‘डांबर’ म्हणत असत. तिने तक्रार कधीच केली नाही, मात्र त्या वर्षापासून ती पिवळा कपडा अंगाला लावेनाशी झाली आणि वर्गाच्या फोटोत आपणहून मागच्या रांगेत उभी राहू लागली. मुलांना असे शब्द सुचतात, कारण बाळाचा ‘रंग कोणावर गेला’ ही चौकशी आणि स्थळांच्या जाहिरातींतली ‘गोरी, सडपातळ’ ही अट ती घरातच ऐकत असतात. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या गोरेपणाच्या क्रीमचे नाव २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाले, एवढेच. विठ्ठलाला आपण कौतुकाने सावळा म्हणतो, मुलीला मात्र ‘सावळी असली तरी नाकीडोळी नीटस’ म्हणतो, आणि त्यातला ‘तरी’ तिला नेमका ऐकू येतो. म्हणूनच ‘तू काही काळी नाहीस’ अशी समजूत घालू नये, कारण त्यातून काळे असणे वाईट, हेच ठरते. त्यापेक्षा कोण काय म्हणाले ते शांतपणे ऐकून घ्यावे आणि वर्गशिक्षकांशी बोलावे.