‘आउटप्ले’ म्हणजे नुसतं हरवणं नाही

तुम्ही विचारलंय, ‘आउटप्ले’ म्हणजे हरवणेच ना, मग ‘बीट’ आणि त्याच्यात फरक काय? एका दैनिकाच्या क्रीडा पानासाठी मी वर्षानुवर्षं इंग्रजी बातम्या मराठीत आणतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

‘बीट’ निकाल सांगतं, ‘आउटप्ले’ खेळ कसा झाला ते सांगतं: समोरच्यापेक्षा सरस खेळणं, वरचढ ठरणं. नवा असताना फुटबॉलच्या एका बातमीत हा शब्द दिसला आणि मी ‘धुव्वा उडवला’ असा मथळा देऊन मोकळा झालो. सामना बरोबरीत सुटला होता. छापून आलेला तो मथळा मला आजही टोचतो.

लाल मातीतली निकाली कुस्ती डोळ्यांपुढे आणा. तिथे गुण नसतात, चीतपट झाली तरच निकाल. एक पैलवान पंधरा मिनिटं कब्जा घेऊन बसलाय, घिस्सा हा डाव ओढतोय, खालच्याला उठू देत नाही. मैदान म्हणतंय, हाच भारी पडतोय. तेवढ्यात खालचा उसळतो, पलटी मारतो आणि वरच्याची पाठ मातीला लागते. कुस्ती खालच्याने मारली, पण आउटप्ले झाला होता तोच.

२०१९ चा क्रिकेट विश्वचषक इंग्लंडने जिंकला. लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांच्या धावा २४१, बरोबरी फोडायला खेळवलेल्या एकेका जादा षटकात, म्हणजे सुपर ओव्हरमध्येही दोघांच्या १५. शेवटी २६ विरुद्ध १७ अशा चौकार-षटकारांच्या मोजणीवर निकाल लागला. इंग्लंडने न्यूझीलंडला ‘आउटप्ले’ केलं असं लिहिणं मला तरी अन्यायाचं वाटेल. उलट २०२३ ची अहमदाबादची अंतिम लढत घ्या. भारताने पहिल्या १० षटकांत ८० धावा काढल्या आणि पुढच्या ४० षटकांत फक्त ४ चौकार. मग ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडने १३७ धावा ठोकल्या, ४२ चेंडू राखून सामना संपला. गोलंदाजी, क्षेत्ररक्षण, फलंदाजी, सगळीकडे ऑस्ट्रेलिया सरस. लागोपाठ १० सामने जिंकून आलेला आपला संघ त्या दिवशी आउटप्ले झाला. लिहिताना आजही जड जातं, पण शब्द तोच बरोबर आहे.

वापराचं थोडक्यात. या क्रियापदाला कर्म लागतंच, कुणाला ते सांगावं लागतं. नुसतं ‘वी आउटप्लेड’ म्हणून वाक्य पुरं होत नाही. भूतकाळ सरळ, ‘आउटप्लेड’. ‘आउटरन’चं मात्र ‘आउटरॅन’ होतं, कारण मूळ ‘रन’चं ‘रॅन’ होतं. ‘आउटविट’ म्हणजे डोकं लढवून मात करणं, तर ‘आउटक्लास’ म्हणजे दोघांची पायरीच वेगळी असणं.

सर्वांत जास्त हा शब्द ऐकू येतो तो हरलेल्या कर्णधाराच्या तोंडी: ‘वी वेअर आउटप्लेड टुडे’. नाणेफेक नाही, खेळपट्टी नाही, पंच नाहीत. ते आमच्यापेक्षा चांगलं खेळले, बस्स. हा मोठेपणा मला फार आवडतो. त्याचं मराठी करताना ‘आमचा पराभव झाला’ असं लिहिलं की नेमका तोच गळून पडतो. मी लिहितो, ‘आज ते आम्हाला पुरून उरले.’