स्वतः बांधलेली किंवा बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी कायदेशीर मान्यता कशी मिळवावी?

आपण लिहिले आहे की एका जुन्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल घेऊन आपण नळ्यांची चौकट स्वतः बांधत आहात, निम्मे वेल्डिंग झाले आहे, आणि रंगकाम उरकून गाडी पूर्ण झाली की ती तपासणीला कशी न्यावी व तपासनीस नेमके काय पाहतो, हे आपल्याला हवे आहे. मी अशाच गाड्यांच्या तांत्रिक तपासणीचे काम करतो. रंग होईपर्यंत थांबू नका, हे माझे पहिले आणि सर्वांत आग्रहाचे सांगणे आहे.

कारखान्यात बनणाऱ्या गाडीला मान्यता मिळते तेव्हा त्या प्रकारच्या काही गाड्या मुद्दाम आदळून, ओढून, तोडून पाहिलेल्या असतात आणि नंतरची प्रत्येक गाडी त्याच नमुन्याबरहुकूम बनते, असे गृहीत धरले जाते. आपली गाडी एकमेव आहे, त्यामुळे ती आदळून पाहता येत नाही. म्हणून डोळ्यांना दिसणारे काम, कागदावरचे गणित आणि बांधणीच्या काळात जमवलेला पुरावा, एवढ्यावरच तपासनीसाला सही करावी लागते. रंगाखाली, पत्र्याआड किंवा गालिच्याखाली गेलेला प्रत्येक जोड त्याच्यासाठी अज्ञात असतो, आणि अज्ञात जोडावर जबाबदार माणूस सही करत नाही.

पद्धती देशागणिक वेगळ्या आहेत. न्यूझीलंडमध्ये मुळापासून बांधायच्या गाडीचा आराखडा बांधणीपूर्वीच मंजूर करून घ्यावा लागतो; पुढे नेमलेला प्रमाणक ती तपासतो आणि मंजूर बदलांची नोंद असलेली धातूची पट्टी गाडीला कायमची बसवली जाते. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची तपासणी 1998 पासून एका पद्धतीने होत असे, 2009 पासून तिची जागा ‘आयव्हीए’ने (एकेका गाडीला स्वतंत्र मान्यता देणाऱ्या पद्धतीने) घेतली; गाडीचे वय किंवा ओळख सिद्ध होत नसेल तर तिला ‘क्यू’ अक्षराचा क्रमांक मिळतो. जर्मनीत वाहन परवाना नियमावलीच्या कलम 21 खाली मान्यताप्राप्त तज्ज्ञ एकट्या गाडीचा अहवाल देतो. ऑस्ट्रेलियात ‘व्हीएसबी 14’ ही राष्ट्रीय संहिता आधाराला घेऊन राज्याने मान्य केलेले अभियंते प्रमाणपत्र देतात. भारतातील 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मात्र मुळातच कडक आहे: निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हाच अर्थ ठामपणे मांडला. आपण जिथे नोंदणी करणार तिथला नियम आधी वाचावा, हे उघड आहे; पण तपासणीचा गाभा सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

चौकटीचे जोड ग्राइंडरने घासून गुळगुळीत करू नका. दिसायला ते सुबक होतात, पण वेल्डिंग मूळ धातूत किती खोल शिरले याची सगळी खूण त्या घासण्यात निघून जाते आणि जोड पातळही होतो. त्याऐवजी त्याच जाडीच्या नळीचे दोन तुकडे, त्याच यंत्रावर, त्याच सेटिंगवर जोडा, जोड मधोमध आडवा कापा आणि तो तुकडा तारीख लिहून जपून ठेवा. असा कापलेला नमुना समोर ठेवला की अर्धी चर्चा तिथेच संपते. प्रत्येक जोडाचे छायाचित्र शेजारी मोजपट्टी ठेवून काढावे.

सीटबेल्टच्या पकडीला, म्हणजे पट्टा गाडीला जिथे बोल्टने पक्का होतो त्या जागेला, मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण घरच्या बांधणीत तिथेच निष्काळजीपणा दिसतो आणि तो अपघात होईपर्यंत कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक 14 नुसार प्रवासी गाडीतील तीन ठिकाणी बांधलेल्या पट्ट्याच्या पकडीची चाचणी होते तेव्हा खांद्याच्या आणि कमरेच्या भागावर एकाच वेळी प्रत्येकी 13,500 न्यूटन, म्हणजे सुमारे 1,375 किलो वजनाइतकी ओढ लावतात. पातळ तळपत्र्याला भोक पाडून मोठा वॉशर लावला की काम झाले, असे समजणाऱ्याने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. पत्र्याखाली जाड पोलादी पट्टी हवी, तिचे कोपरे गोलसर हवेत (धारदार कोपरा ओढ बसताच पत्रा कापत जातो), आणि शक्य असेल तिथे पकड नळ्यांच्या सांध्याजवळ असावी, एका नळीच्या मधोमध नसावी. कमरेच्या पट्ट्याचा आडव्या रेषेशी होणारा कोनही पाहिला जातो; तो साधारण 30 ते 80 अंशांत बसावा लागतो. पट्टा फार आडवा गेला तर धक्क्याच्या क्षणी शरीर खालून पुढे घसरते आणि पट्टा हाडावरून सरकून पोटात रुततो. आसन बसवण्याआधी, त्यावर माणूस बसवून, हा कोन मोजून घ्या. नंतर पकड हलवणे म्हणजे चौकट पुन्हा कापणे.

स्टिअरिंगबाबत एक चाचणी आपण आत्ताच करू शकता. पुढच्या स्प्रिंगा काढा, स्टिअरिंग सरळ ठेवून पक्के करा, चाक खालपासून वरपर्यंत पूर्ण हलवा आणि थोड्या थोड्या उंचीवर चाकाची दिशा किती बदलते ते मोजा. रॅकची (स्टिअरिंग फिरवताच डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दातेरी दांड्याची) उंची किंवा टाय-रॉडची (रॅक चाकाला जोडणाऱ्या दांड्याची) लांबी सस्पेन्शनच्या दांड्यांशी जुळत नसेल, तर खड्ड्यात चाक वर उचलले जाताच गाडी आपोआप वळू पाहते, चालकाने हात हलवलेला नसतानाही. चौकटीवर रॅकची पकड कायमची जोडण्याआधी हे जमवणे सोपे असते, नंतर ते फार महागात पडते. गोळ्याचे रॉड-एंड (दांड्याच्या टोकाचा, आत फिरणारा गोळा असलेला सांधा) वापरत असाल तर गोळा घरातून निसटला तरी दांडा सुटणार नाही इतक्या रुंद वॉशरनी तो दोन्ही बाजूंनी अडवलेला असावा, आणि शक्यतो बोल्टला दोन्ही टोकांना आधार असावा. स्टिअरिंगच्या दांड्यावरचे घरगुती वेल्डिंग बहुतेक तपासनीस स्वीकारत नाहीत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

ब्रेकमध्ये ताकदीपेक्षा समतोल आधी पाहतात. मूळ गाडीचा मागचा ॲक्सल तिच्या ब्रेकसकट घेतला, पण नवी गाडी कितीतरी हलकी आणि वजनाची विभागणीही वेगळी, तर जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाके आधी अडकतात, म्हणजे फिरायची थांबून घसरू लागतात, आणि गाडी गिरकी घेते. पुढची चाके आधी अडकली पाहिजेत, आणि एक ब्रेकवाहिनी निकामी झाली तरी दुसरीवर गाडी थांबली पाहिजे. प्रवासी गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमात इंजिन चाकांपासून विलग ठेवून (गिअर न्यूट्रलमध्ये) घेतलेल्या मूळ चाचणीत ताशी 100 किलोमीटर वेगावरून 70 मीटरच्या आत थांबणे अपेक्षित असते, तेही पेडलवर 500 न्यूटनपेक्षा जास्त जोर न लावता. गाडीचे पुढच्या आणि मागच्या चाकांवरचे वजन वेगवेगळे तोलून घ्या आणि ब्रेकचे गणित त्यावरून करा. अंदाजाने आणलेला मोठा डिस्क समतोल बिघडवण्याचीच शक्यता अधिक असते.

धारदार कडा हा वरवर किरकोळ वाटणारा पण हमखास अडवणारा मुद्दा आहे. बाहेरच्या भागाला 100 मिलिमीटर व्यासाचा गोळा जिथे जिथे टेकू शकतो, तिथल्या कठीण कडेची त्रिज्या सहसा किमान 2.5 मिलिमीटर असावी लागते. पायी चालणाऱ्याच्या अंगाला गाडी लागली तर ती कापू नये, हा त्यामागचा हेतू आहे, आणि मला तो पूर्णपणे पटतो. दिवे, आरसे, हॉर्न, आवाज, धूर यांची तपासणी नियमात लिहिल्याप्रमाणे होते. इंजिन बदलले असेल तर धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावरून धरतात की गाडीच्या, एवढे मात्र आधी विचारून घ्या.

कागदपत्रांत, जुन्या गाडीच्या खरेदीची पावती, इंजिन व चासीचे क्रमांक, विकत घेतलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाचे बिल आणि नळ्यांच्या धातूचे प्रमाणपत्र एकाच फाइलमध्ये ठेवा. सुटे भाग चोरीचे नाहीत, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते, आणि बिल हरवले की चांगली बांधलेली गाडीही महिनोन्‌महिने अडकून पडते.

आता करायचे काम असे, की चौकट आहे तशी, बिनरंगाची ठेवून तपासनीसाला बोलवावे, त्याला आराखडा दाखवावा आणि त्याने सुचवलेले फेरफार लेखी घ्यावेत. गंजाची भीती असेल तर तेलाचा पातळ हात पुरेसा आहे. मान्यता मिळाल्यावर तिची प्रत विमा कंपनीला द्या. त्यानंतर इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक किंवा आसनांत काहीही बदललेत, तर ते प्रमाणपत्र त्या बदललेल्या गाडीला लागू राहील असे गृहीत धरू नका. तो बदल पुन्हा दाखवून नोंदवून घ्यावा लागतो.