चाचणी कुठल्या भाषेत?

प्रश्न : मुलगा चौथीपर्यंत मराठी शाळेत होता, आता पाचवीत इंग्रजी माध्यम. घरी आम्ही कोंकणी बोलतो. इंग्रजी वाचताना फार अडखळतो, म्हणून बाईंनी ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ची चाचणी सुचवलीय. करावी का? – एक आई, डिचोली

उत्तर : करा ताई, पण आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग तिसरीचं मराठी पुस्तक त्याच्या हाती देऊन शेजारी बसून ऐका. शाळेत माझ्याकडे मूल आलं की मी हेच करते. देवनागरीत अक्षर आणि उच्चार बऱ्यापैकी जुळतात. इंग्रजीत ‘पुट’ आणि ‘बट’मधला ‘यू’ एकच, उच्चार मात्र वेगळे. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाशी निगडित लर्निंग डिसॅबिलिटी, असेल तर मराठीतही खुणा दिसतात : वाचन संथ, जोडाक्षरांपाशी अडणं. मराठी सहज वाचत असेल, तर त्याला बहुधा इंग्रजीसाठी वेळच हवाय. बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पाठ्यपुस्तकातली यायला पाच ते सात वर्षंही लागतात.

चाचणी घेणाऱ्यांना कोंकणी-मराठी येते का, हे जरूर विचारा. कुत्र्याचं चित्र पाहून मूल ‘सुणें’ म्हणालं, तर ते उत्तर बरोबरच आहे! ते चूक धरलेले अहवाल मी पाहिलेत, फार वाईट वाटतं.

आणि घरची कोंकणी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. रात्री त्याला तिच्यातच गोष्ट सांगा.