फोटोत तोंड वाकडं करणारा दहावीतला मुलगा

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे दहावीतल्या मुलांचे पालक पूर्वी मार्कलिस्ट घेऊन यायचे, आता मोबाइल पुढे करतात. "प्रत्येक फोटोत तोंड वाकडं करतंय, काय म्हणायचं ह्याला?" हा प्रश्न कधी बेळगावातल्या शहापूरहून येतो, कधी खानापूर-निपाणीकडून. त्यातली एक केस सांगते. घरच्यांची परवानगी आहे, ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

वडील वडगावातले, घरात पॉवरलूम. मोठ्या मुलीचा साखरपुडा नुकताच झाला होता. त्यांनी दाखवलेल्या फोटोत दोन्हीकडची माणसं दाटीवाटीनं उभी, मधोमध जोडपं आणि डाव्या कडेला हा. डोळे नाकाकडे वळवलेले, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर, भुवया कपाळात. "पावण्यांच्या समोर इज्जत घालवली बघा मॅडम," वडील म्हणाले. "फोटोग्राफरनं चारदा काढला. चारीत हेच." भरीला काकांनी 'आमचं माकड' असं लिहून तो फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि रात्री घरात वाजलं. आईची भीती वेगळीच होती. पोरगं कुणाच्या नादाला तर लागलं नाही ना?

मुलाशी एकट्याशी बोलले. "काय नाही मॅडम, मज्जा केली," एवढंच उत्तर. मग फोटोचा विषयच सोडला. बोलता बोलता कळलं की लहानपणापासून दरवर्षी शिवजयंतीच्या चित्ररथावर मावळा होणाऱ्या या मुलानं यंदा नको म्हटलं होतं. का रे? तिथं रात्रभर फोटो काढतात म्हणून. आणि मग हळूच म्हणाला, "सरळ उभारलं की सगळी नाक बघतात. आत्या म्हणती, आजोबांचं नाक आलं बघ ह्याला. तोंड वाकडं केलं तरी हसतात, पण नाकाला नाही हसत."

माझ्या मते सगळं उत्तर यातच आहे. वयात येताना नाक आणि जबडा बाकीच्या चेहऱ्याच्या पुढे धावतात, ओठावर धड मिशी नाही आणि धड कोरंही नाही. रोज आरशात दिसणारा चेहरा मुलाला स्वतःलाच अनोळखी वाटतो. त्यात आपल्याकडंच सगळ्यांचं लक्ष आहे अशी या वयातली खात्री. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६७ साली याला 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटलं. तेव्हाच्या मुलांचे प्रेक्षक खरोखर काल्पनिक होते. आताच्या मुलांचे स्टेटसखाली नावानिशी दिसतात. सरळ चेहऱ्याचा फोटो म्हणजे दुसऱ्यांनी काढलेला पेपर. वाकड्या तोंडाचा पेपर मुलानं स्वतःच काढलेला असतो, त्यात नापास होणं शक्यच नाही.

सगळीच मुलं नाकापायी असं करत नाहीत, हेही सांगते. मित्रांच्या घोळक्यात वेडंवाकडं तोंड हा आपण एकाच टोळीतले असल्याचा पुरावा असतो. तिथं सरळ उभा राहणाराच वेगळा पडतो. आणि काहींना हुकमावर हसताच येत नाही. हुकमी हसण्यात ओठ हलतात, डोळे कोरडेच राहतात, आणि मुलांना ते फोटोत बरोबर दिसतं. हे मोठ्यांचंही होतं, म्हणून बापलेकांना आइन्स्टाइन यांची गोष्ट सांगितली. त्यांचा जीभ काढलेला प्रसिद्ध फोटो १४ मार्च १९५१ चा, त्यांच्या ७२ व्या वाढदिवसाचा. दिवसभर फोटोग्राफर पाठीमागे लागलेले, शेवटी त्यांनी जीभ दाखवली. पुढं त्यांनीच तो फक्त आपला चेहरा राहील असा कापून मित्रांना पाठवला. हे ऐकून मुलगा खूश झाला, वडिलांना फारसं रुचलं नाही.

नाकाचं मात्र करून दाखवण्यासारखं होतं. मुलानं हात लांब करून एक सेल्फी घेतली. मग त्याचाच मोबाइल घेऊन मी दाराशी गेले, थोडं झूम केलं आणि दुसरा फोटो काढला. दोन्ही फोटो तो दोन बोटांनी मोठे करून कितीतरी वेळ बघत होता. कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असला की पुढं आलेलं नाक जास्त मोठं दिसतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला तेव्हा दीड मीटरवरच्या फोटोच्या तुलनेत ३० सेंटिमीटरवरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं असं निघालं. शिवाय आपण स्वतःला ओळखतो ते आरशातलं, उलटं. फोटो सुलटा असतो, म्हणून आपलाच चेहरा कुठंतरी चुकल्यासारखा वाटतो. "आता लहान दिसतंय की," मी म्हटलं. "लहान दिसतंय, पण मोठंच आहे," पठ्ठ्या म्हणाला.

वडिलांना ही नाकाची गोष्ट, मुलाला विचारून, सांगितली तर ते चाटच पडले. "अहो, ते आमच्या घराण्याचं नाक! आत्यानं कौतुकानं म्हटलंय." कौतुक खरंच होतं. पण पंधराव्या वर्षी चार माणसांत नाकाचं कौतुक नको असतं, हे त्यांना पटायला थोडा वेळ लागला.

लग्नाच्या फोटोंसाठी बापलेकांनी माझ्यासमोरच सौदा केला. प्रत्येक ग्रुपचा एक फोटो सरळ, लगेच दुसरा हवा तसा. 'स्माइल दे' म्हणून कुणी ओरडायचं नाही. मुलाला विचारल्याशिवाय त्याचा फोटो स्टेटसला किंवा ग्रुपवर टाकायचा नाही, आणि काकांना हे वडिलांनी सांगायचं. शेवटच्या अटीवर वडील जरा अडले, पण तयार झाले.

तोंड वाकडं करणाऱ्या मुलांची मला फारशी काळजी वाटत नाही. ती निदान फोटोत उभी राहतात. काळजी वाटते ती फोटो म्हटलं की खोलीत जाऊन दार लावणाऱ्यांची, आरशापुढून न हटणाऱ्यांची, घरातसुद्धा मास्क न काढणाऱ्यांची, चेहऱ्यापायी शाळा किंवा जेवण सोडणाऱ्यांची. अशा वेळी 'वयात येतंय, होईल सरळ' म्हणून थांबू नका. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.