घराच्या संरक्षणासाठी कार्बाइन: ९ एमएम की एआर-१५?

डॅलसच्या उपनगरात घर घेतले आहे, ग्रीन कार्ड हाती आले आहे, घरात पत्नी आणि दोन लहान मुले आहेत, तर ९ एमएमची कार्बाइन (पिस्तुलाची काडतुसे वापरणारी आखूड रायफल) घ्यावी की एआर-१५ (.२२३ किंवा ५.५६ काडतुसांची अर्धस्वयंचलित रायफल), असे तुम्ही विचारले आहे. माझे मत १६ इंची नळीच्या साध्या एआर-१५कडे झुकते. मात्र त्याआधी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. पत्नीलाही ग्रीन कार्ड मिळाले आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. एच-१बी (नोकरीच्या) किंवा एच-४ (त्यावरील जोडीदाराच्या) व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक अथवा काडतुसे बाळगणे हा केंद्रीय कायद्यानुसार गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातील प्रमुख अपवाद. पत्नी अजून एच-४वर असेल आणि तिजोरीचा क्रमांक तिलाही ठाऊक असेल, तर शस्त्र तिच्याही ताब्यात आहे असा अर्थ लावला जाऊ शकतो, म्हणून दुकानात बंदूक खरेदीचा ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय अर्ज भरण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

आता भिंतींविषयी, कारण निवडीचा खरा कस तिथेच लागतो. इथल्या घरांची आतली भिंत म्हणजे लाकडी चौकटीच्या दोन्ही अंगांना ठोकलेले अर्ध्या इंचाचे जिप्सम बोर्ड. गावाकडच्या विटांच्या भिंतीचा भरवसा इथे धरता येत नाही. माणसाला थांबवू शकणारी कोणतीही गोळी अशा भिंतीतून पार जाते. तरीही ९ एमएमची गोळी छोटी म्हणून कमी आरपार जाईल, हा सर्वसाधारण समज बरोबर नाही: तिच्या पोकळ टोकात जिप्सम भरले की ती फुलत नाही आणि सरळ पुढे जात राहते, तर .२२३ची ५५ ग्रेनच्या (सुमारे साडेतीन ग्रॅमच्या) आसपासची हलकी, वेगवान गोळी भिंतीनंतर डगमगते, अनेकदा तुटते आणि तिचा जोर लवकर ओसरतो. हिरव्या टोकाची, पोलादी गाभ्याची एम८५५ काडतुसे स्वस्त मिळाली तरी घरासाठी घेऊ नयेत. ५.५६चे चेंबर (नळीत काडतूस बसण्याची जागा) असलेली रायफलच घ्यावी, तिच्यात .२२३ही चालते, पण .२२३च्या चेंबरमध्ये ५.५६ वापरणे सुरक्षित नाही.

९ एमएमच्या बाजूनेही बोलायला हवे. काडतुसे स्वस्त पडतात आणि रायफलची काडतुसे चालू न देणाऱ्या बंदिस्त रेंजवरही सराव करता येतो. रुगर कंपनीची पीसी कार्बाइन दोन तुकड्यांत सुटते आणि योग्य जोडणी बसवल्यावर ग्लॉक पिस्तुलाची मॅगझिनेही घेते. आधीच ९ एमएमचे पिस्तूल घरात असेल आणि सराव त्याच काडतुसांवर होणार असेल, तर ही निवड मी चुकीची म्हणणार नाही.

दस्ता लांबी कमी-जास्त करता येणारा असावा, म्हणजे तुमच्या आणि, कायद्याने मुभा असेल तर, पत्नीच्याही खांद्याला तो नीट बसेल. नळीवर पांढऱ्या प्रकाशाचा दिवा हवाच, कारण अंधारात दिसणारी आकृती चोराची आहे की पाणी प्यायला उठलेल्या मुलाची, हे ओळखल्याशिवाय चापावर बोट जाता कामा नये. नेम धरण्यासाठी साधा रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारे उपकरण) पुरेसा आहे. मात्र तो नळीच्या सुमारे अडीच इंच वर असतो, त्यामुळे खोलीतल्या अंतरावर गोळी ठिपक्याच्या दोनेक इंच खाली लागते, हे रेंजवर स्वतः पाहून घ्यावे. बाकीच्या दिखाऊ सामानावर पैसे घालू नका, तेच पैसे प्रशिक्षणाच्या वर्गाला द्या.

निष्काळजीपणे ठेवलेले भरलेले शस्त्र १७ वर्षांखालील मुलाच्या हाती लागले, तर टेक्सासात तो ठेवणाऱ्याचा गुन्हा ठरतो. चटकन उघडणारी, भिंतीला बोल्टने जखडलेली तिजोरी, मॅगझिन लावलेले पण चेंबर रिकामे, अशी ठेवण मला योग्य वाटते. तिजोरीतच मोठा आवाज दाबणारे इलेक्ट्रॉनिक इअरमफ ठेवावेत. बंद खोलीत रायफलचा एकच बार कानांना कायमची इजा करू शकतो. आवाज आला म्हणून कार्बाइन घेऊन घरभर शोध घेत फिरू नये: मुलांना एका खोलीत आणावे, दार लावावे आणि पत्नीने ९११ला फोन करावा. रायफलीला दोन्ही हात लागतात, म्हणून खांद्याला अडकवायचा पट्टाही घ्यावा.

पुढे नोकरीसाठी राज्य बदलण्याची शक्यता असेल, तर तेही आताच विचारात घ्यावे. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, तसेच २०२३पासून इलिनॉय आणि वॉशिंग्टन या राज्यांत नेहमीच्या बनावटीच्या एआर-१५वर कडक निर्बंध आहेत, आणि टेक्सासात कायदेशीर खरेदी केली होती हे तिथे चालत नाही.