पोट लहान झाल्यानंतरचे दिवस : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या जगण्याविषयी या सदराकडे इतकी पत्रे आली की, या अंकातली सारी जागा त्यांनाच द्यावी असे ठरवले. मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे चालू औषधांत बदल करायचा असेल तेव्हा आपल्या सर्जनचा किंवा फिजिशियनचाच शब्द अखेरचा मानावा, ही विनंती आरंभीच करते.

प्रश्न : ताई, माझे वय ३८. पाच महिन्यांपूर्वी माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. तेव्हा वजन ११८ किलो होते, आज ९४ आहे. मधुमेहाच्या गोळ्या कमी झाल्या, गुडघेही आता फारसे दुखत नाहीत. पण केस मूठमूठ गळतात, आणि भाताचे चार घास गेले की छातीत अडकल्यासारखे होऊन कधी कधी उलटी होते. आता श्रावण लागेल, घरात महिनाभर नुस्ते (मासळी) शिजणार नाही, आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) आम्ही सगळे मूळ घरी जमतो. शस्त्रक्रियेचे फक्त नवऱ्याला आणि माझ्या आईला ठाऊक आहे. सासूबाई वाढत राहतात, जाऊबाई विचारतात की एवढी वाळलीस कशी. मी काय खावे, आणि काय सांगावे?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : तुमच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकलेला आहे आणि उरलेल्या अरुंद नळीत सुरुवातीला जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर मावते. भूक लावणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या वरच्या भागात तयार होते तोही त्यातच गेला, म्हणून तुम्हाला पूर्वीसारखी भूक लागत नाही. वजन उतरायला याची मोठी मदत होते, परंतु जेवायची आठवण करून देणारे पोटच आता गप्प असल्यामुळे दिवसाचे खाणे घड्याळ पाहून करावे लागते. सकाळच्या चहानंतर दुपारी दोनपर्यंत पोटात काहीच गेले नाही हे लक्षातही न आलेल्या कितीतरी स्त्रिया मी पाहते, आणि त्या बहुधा त्याच असतात ज्या घरातल्या इतरांना वाढण्यात गुंतलेल्या असतात.

तुमच्या प्रश्नाचे मूळ प्रथिनांत आहे. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. नुस्ते असेपर्यंत हे अवघड नसते, कारण १०० ग्रॅम शिजलेल्या मासळीत सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात आणि मुडदुशे किंवा बांगडा मऊ असल्याने लहान पोटाला सोसतोही. पण गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, मासळी महागते, आणि ती मुबलक होऊ लागते न लागते तोच श्रावण येतो, म्हणजे तुमच्या घरात अंडेही नाही. म्हणून आतापासूनच गणित बांधा. दिवसभरात दोन वेळा मिळून १०० ग्रॅम पनीर घेतले तर सुमारे १८ ग्रॅम, कोरडे वजन ३० ग्रॅम असलेले सोयाबीनचे तुकडे भिजवून मऊ शिजवले तर सुमारे १५, २०० मिलिलिटर दुधातून ६, वाटीभर दह्यातून ५ आणि अर्धी वाटी घट्ट मुगाच्या वरणातून किंवा कुळथाच्या पिठीतून आणखी ४ ग्रॅम मिळतात. यात तुमच्या डॉक्टरांना मान्य असलेली व्हे प्रोटीनची एक मात्रा धरली की साठाचा टप्पा ओलांडला जातो. उकड्या तांदळाची पेज आपल्या सर्वांना मायेची वाटते, आणि आजारपणात तिच्यासारखे दुसरे काही नाही हे मलाही मान्य आहे, पण पेजेत मुख्यतः पाणी आणि पिष्ट असते. ती आधी प्यायलात तर एवढ्याशा पोटातली जागा तीच व्यापून टाकील.

भात अडकण्याची कारणे बहुधा तीन असतात : घास मोठा असतो, तो पुरेसा चावला जात नाही, किंवा जेवताना पाणी अथवा कढी सोबत घेतली जाते. फार मऊ, चिकट शिजलेल्या भाताचा पोटात गोळा होतो, आणि ताज्या उंड्याचा किंवा पोयीचा, म्हणजे आपल्या गोव्यातल्या पावांचा, मऊ गरही तसाच लगद्यासारखा बसतो. तीच पोयी कडक भाजून घेतली तर पुष्कळांना चालते. पानात आधी प्रथिने संपवावीत, मग भाजी, आणि जागा उरली तरच शेवटी दोन चमचे भात घ्यावा. जेवण वीस ते तीस मिनिटे चालावे, आणि छातीत पहिला दाब जाणवताच थांबावे, कारण त्यानंतरचा एक घासच उलटी घडवतो. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने सुरू करून दिवसभर घोटघोट घ्यावे, एकूण दीड लिटरच्या खाली जाऊ नये.

उलटीविषयी एक गोष्ट मी पोटतिडकीने सांगते. अधूनमधून घास अडकून होणारी उलटी वेगळी, आणि दोन-तीन दिवस काहीच न ठरणे वेगळे. शरीरात थायमिनचा, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाचा, साठा फार थोडा असतो आणि सततच्या उलट्यांत तो काही आठवड्यांतच संपतो. मग चालताना तोल जाणे, एकाची दोन दिसणे, बोलण्यात गोंधळ होणे अशी लक्षणे दिसतात आणि उपचार लांबला तर मेंदूची हानी कायमची राहू शकते. आपल्याकडे उलट्या झाल्या की जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून घेण्याची पद्धत आहे. अशा वेळी नुसते ग्लुकोजचे सलाईन आधी गेले तर थायमिनची उणीव अधिकच बळावते. म्हणून तुमची शस्त्रक्रिया झालेली आहे हे त्या डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा आणि थायमिन दिले जाईल ना हे स्पष्ट विचारा. नवऱ्यालाही हे वाक्य पाठ करायला लावा, कारण त्या घटकेला तुम्हाला बोलता येईलच असे नाही. भाताची उलटी आठवड्यातून बऱ्याचदा होत असेल तर मात्र चवथीची वाट न पाहता सर्जनला भेटा. स्लीव्हची नळी कधी कधी एखाद्या ठिकाणी अरुंद होते आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही.

केसांची काळजी तुलनेने कमी करा. वजन झपाट्याने उतरले की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात. मुळे मेलेली नसतात, त्यामुळे प्रथिने, लोह आणि जस्त पुरेसे मिळाले तर वर्षाच्या आसपास ते पुन्हा भरतात. फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी करून घ्या. महागड्या तेलांवर पैसे घालवू नका.

आता चवथ. हरतालिकेचा निर्जळी उपवास या वर्षी तुम्ही करू नये, असे मी अगदी ठामपणे सांगते. लहान पोटात दुसऱ्या दिवशी एकदम पाणी भरून ती तूट काढता येत नाही, आणि मधुमेहाची गोळी चालू असताना रिकामे पोट धोक्याचे असते. श्रावणातल्या आयतारांनाही साबुदाण्याऐवजी दूध, दही, पनीर यांवर भर द्या. मूळ घरी नैवेद्य होऊन पुरुषांच्या आणि मुलांच्या पंगती उठेपर्यंत बायकांचे जेवण तीन वाजेपर्यंत लांबते, हे आपण सगळ्या जाणतो. तुम्ही तोवर थांबू नका. नैवेद्याआधी घोटभर दूध घ्यायला हरकत असेल तर पहिल्या पंगतीला बसा, आणि पानावर सुरुवातीलाच कमी वाढून घ्या, म्हणजे टाकण्याचा प्रश्न येणार नाही. मणगणे आणि नेवऱ्या यांची चव एका चमच्याने, एका तुकड्याने घ्यावी. एकदम गोड पोटात गेले तर धडधड, घाम आणि पोटात कळ सुरू होऊ शकते. गॅस्ट्रिक बायपास ही वजन कमी करण्याची दुसरी शस्त्रक्रिया झालेल्यांना हा त्रास अधिक होतो, तरी स्लीव्हनंतरही तो काहींना होतो.

काय सांगावे, हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला असला तरी तोच तुम्हाला सर्वांत जड वाटत असावा. तुमच्या शरीराचा हिशेब साऱ्या वाड्याला देण्याचे बंधन तुमच्यावर नाही. सासूबाईंना मात्र सांगावे, असे मला वाटते. त्या पानात पुन्हा पुन्हा वाढतात ते तुमच्या काळजीने, आणि खरे कारण कळले की तीच काळजी तुमच्या बाजूने उभी राहते असा माझा पुष्कळ घरांतला अनुभव आहे. इतरांना एवढेच पुरे : “माझ्या पोटाला एका वेळी थोडेच चालते, मागाहून आणखी घेईन.” आणि कोणी ऑपरेशनने बारीक झाली, त्यात कसली मेहनत, असे म्हटलेच तर मनाला लावून घेऊ नका. लहान पोटाला जपत रोज साठ ग्रॅम प्रथिने मोजून खाणे ही मेहनतच आहे.

प्रश्न : माझे वय ५१. दोन वर्षांपूर्वी गॅस्ट्रिक बायपास झाली. वर्षभर सगळ्या गोळ्या घेतल्या, मग प्रकृती छान वाटू लागली म्हणून बंद केल्या. आता सर्वांत कमी वजनाच्या वर सहा किलो चढले आहे, आणि तळपायांना मुंग्या येतात. पूर्वी फेणीचे दोन पेग सहज चालत, आता एकातच डोके हलके होते. हे अशक्तपणामुळे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : मुंग्यांकडे या आठवड्यातच लक्ष द्या. बायपासनंतर अन्न जठराच्या बहुतांश भागाला आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला स्पर्श न करता पुढे जाते, त्यामुळे ब१२, लोह आणि कॅल्शियम अन्नातून पुरेसे शोषले जात नाही. ब१२चा साठा यकृतात बराच काळ पुरतो, आणि म्हणूनच गोळ्या सोडल्यावर वर्षभर काही बिघडले नाही असे तुम्हाला वाटले. तेव्हा बरे वाटत होते ते जुन्या शिलकीवर. आता शिलक संपत आली असावी, आणि मज्जातंतूंची हानी लांबली तर ती पूर्ण भरून येत नाही. ब१२, रक्तातील लोहाचे प्रमाण, फेरिटिन, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथॉर्मोन (रक्तातल्या कॅल्शियमचे प्रमाण राखणारे संप्रेरक) या तपासण्या करून घ्या. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा तुमची शस्त्रक्रिया जिथे झाली तिथे निकाल दाखवून ब१२ इंजेक्शनने द्यायचे की मोठ्या मात्रेच्या गोळीने, हे ठरवून घ्या. तुम्ही मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर तेही सांगा, त्यानेही ब१२ कमी होते. कॅल्शियम आणि लोहाची गोळी यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवा, आणि कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातले मागा. या गोळ्या आणि वर्षातून एकदा तपासणी हे आता आयुष्यभराचे आहे. हे तुम्हाला शस्त्रक्रियेपूर्वी कोणी नीट बसवून सांगितले नसेल तर तो दोष तुमचा नाही.

फेणीचा प्रश्न अशक्तपणाचा नाही. दारू आता जठरात न रेंगाळता थेट लहान आतड्यात जाते, त्यामुळे रक्तातले मद्याचे प्रमाण काही मिनिटांतच पूर्वीपेक्षा वर चढते. फेणीत ४० टक्क्यांच्या वर मद्यार्क असतो. हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या उकळीची दारू, सौम्य असली तरी ती अधिक प्यायली जाते, म्हणून तिलाही हाच नियम लागू आहे. एका पेगनंतरही गाडी चालवू नका. बायपासनंतर दुसऱ्या वर्षापासून काही लोकांत पिण्याचे व्यसन जडण्याची शक्यता वाढते हे अभ्यासांतून दिसून आले आहे, आणि पूर्वी जेवणातून मिळणारे समाधान जिथे उणे झाले तिथे हे सहज शिरते. पेल्याची वाट रोज संध्याकाळी पाहिली जात असेल तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांशी संकोच न करता बोला. वजनाचे सहा किलो हे त्या मानाने लहान काम आहे. दीड-दोन वर्षांनंतर थोडे वजन परतणे सर्वसाधारण मानले जाते, आणि फेणीबरोबरचे फरसाण व भजी थांबली तर त्यातले काही आपोआप उतरेल.

प्रश्न : माझे वय २९, लग्नाला वर्ष झाले. सात महिन्यांपूर्वी स्लीव्ह झाली आणि अनेक वर्षे अनियमित असलेली पाळी आता नियमित येते. सासरचे बाळाची घाई करीत आहेत.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : शस्त्रक्रियेनंतर किमान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, कारण वजन वेगाने उतरत असताना बाळाला लागणारे पोषण आईच्या शरीरात उरत नाही. पाळी सुधारली याचा अर्थ दिवस जाण्याची शक्यताही वाढली, म्हणून गर्भनिरोधनाविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांशी आताच बोला. उलट्या होत असतील तर तोंडाने घ्यायच्या गोळीवर विसंबू नका, तांबी हा अधिक खात्रीचा उपाय आहे. पुढे दिवस राहतील तेव्हा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी तुम्हाला सोसणार नाही असे होऊ शकते. तेव्हा शस्त्रक्रियेची माहिती पहिल्याच भेटीत द्या, त्या तपासणीला पर्याय आहेत. घाई करणाऱ्यांना तुमच्या पतीने उत्तर द्यावे.

प्रश्न : बायपास होऊन तीन वर्षे झाली. गुडघा दुखला की औषधाच्या दुकानातून पेनकिलर आणून घेतो. चालेल ना?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि त्या गटातल्या इतर गोळ्यांनी जठर आणि आतड्याच्या जोडावर व्रण पडतात, आणि ते फुटले तर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. सिगारेट ओढत असाल तर धोका आणखी वाढतो. योग्य मात्रेत पॅरासिटामॉल चालते. आतापर्यंत पुष्कळ गोळ्या घेऊन झाल्या असतील आणि वरच्या पोटात जळजळ किंवा काळी शौच होत असेल तर आजच डॉक्टरांकडे जा. आणि नेहमीच्या औषधवाल्याला तुमच्या बायपासविषयी सांगून ठेवा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणी तुमच्यासाठी गोळी मागितली तरी तो विचारील.