सटीप संदर्भसूचीतल्या टिपेत नेमकं काय लिहायचं?

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीवरच्या पेपरसाठी तुम्ही १२ पुस्तकांचे सारांश लिहून दिलेत आणि गाइडनी ‘यात टिपा कुठे आहेत?’ असा शेरा मारून सूची परत केली. गाइडचं बरोबर आहे. सारांशाला दोन वाक्यं पुरतात. पुस्तक कुणी, कधी, कुठल्या बाजूनं लिहिलं आणि तुमच्या मुद्द्याला ते टेकू देतं की आडवं येतं, हे टिपेत हवं. पण त्यासाठी मुद्दा आधी ठरलेला लागतो. ‘विधवांचं चित्रण’ हा झाला विषय, मुद्दा नव्हे.

समजा, तुमचं म्हणणं असं आहे: विधवांच्या कहाण्या प्रवासाच्या धाग्यात ओवल्यामुळे ही कादंबरी ख्रिस्ती धर्मप्रचाराच्या पलीकडे जाते. मग बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’वरची टीप अशी होईल:

‘लेखकाचं आत्मचरित्र, १८८८. धर्मांतराची हकिगत त्याच्याच शब्दांत, म्हणून प्राथमिक साधन. मात्र कादंबरी १८५७ची. हे लेखन त्यानंतर ३१ वर्षांचं. कादंबरीमागच्या हेतूचा थेट पुरावा म्हणून न वापरता पार्श्वभूमीपुरतं घेतलं आहे.’

बघा, पुस्तकात काय आहे ते एका ओळीत उरकलं.

भालचंद्र नेमाड्यांचंही तसंच. त्यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) यांच्यापासून दाखवल्या, एवढं लिहून थांबलात तर पुन्हा सारांशच. नेमाडे स्वतः कादंबरीकार, आणि त्यांचा कल पहिल्या, म्हणजे ‘यमुनापर्यटन’च्या, प्रवृत्तीकडे आहे, हे टिपेत आलं पाहिजे. तुम्ही त्यांच्याच साक्षीवर सगळा डोलारा उभा करणार असाल तर जास्तच. कुसुमावती देशपांडे यांचं ‘मराठी कादंबरी: पहिले शतक’ हा शंभर वर्षांचा आढावा आहे. त्याचा उपयोग कादंबरीचं स्थान सांगायला. तिथं चार ओळी बस्स.

मी एम.फिल.ला असताना एका ग्रंथाची टीप नुसती प्रस्तावना वाचून ठोकून दिली होती. तोंडी परीक्षेत नेमका तोच ग्रंथ निघाला. पुढचं सांगत नाही.

शोधताना ‘पदमनजी’ आणि ‘पद्मनजी’ ही दोन्ही रूपं टाका, ‘यमुना पर्यटन’ असं तोडूनही बघा. १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ ग्रंथालयात बसून चाळाच. हातात नंतरची आवृत्ती असेल तर तिचं वर्ष द्या आणि सोबत १८५७ही. पृष्ठांक मात्र हातातल्याच आवृत्तीचे. संदर्भ लिहायची पद्धत एमएलए की एपीए, ते विभाग सांगेल तसं.

एखादं पुस्तक पेपरात कुठे वापरलं हे लिहिताच येत नसेल तर ती नोंद काढून टाका. १२च्या ९ झाल्या तर गाइडना तसं सांगा. आकड्यावरून कुणी पेपर अडवलेला मी तरी पाहिलेला नाही.